तांब्याचा काठ आणि माणसाची भुवई

मोठेपणी चित्र काढू लागलेल्या माणसाला डोळा काढायला सांगितला, तर तो बहुतेक वेळा बदामाच्या आकाराच्या दोन कमानी काढतो, त्यांच्या मधोमध एक पूर्ण गोल बसवतो आणि त्या गोलात एक काळा ठिपका ठेवतो. हा डोळा कोणाचाच नसतो. समोर बसलेल्या माणसाची वरची पापणी बुबुळाचा थोडा भाग झाकत असते, वयाप्रमाणे डोळ्याचा बाहेरचा कोपरा खाली ओघळलेला असतो, पापणीच्या वर कातडीची एक घडी असते. पण हात यातले काहीच नोंदवत नाही, कारण डोळा कसा असतो हे आपण वयाच्या नवव्या-दहाव्या वर्षी कधीतरी ठरवून टाकलेले असते आणि त्यानंतर प्रत्यक्ष डोळ्याकडे पाहण्याची हाताला गरजच उरलेली नसते. सोलापूरच्या सपाट माळावर वाढलेली मुले, ज्यांच्या क्षितिजावर एकही डोंगर नाही, तीही निसर्गचित्र म्हटले की दोन त्रिकोणी डोंगर आणि त्यांच्या मधून उगवणारा सूर्य काढतात. मनात साठलेली ही चिन्हे डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींपेक्षा किती बलवान असतात, हे यावरून समजते.

मी सोलापुरातल्या एका शाळेत गणित शिकवते. पन्नाशी उलटल्यावर पेन्सिलीने चित्र काढायला शिकावे असे मनाने घेतले, आणि त्यातही खरी ओढ होती ती व्यंगचित्रांची. दिवाळी अंक हाती आला की मी आजही आधी त्यातली चित्रे पाहते आणि मग अनुक्रमणिकेकडे वळते. आमच्या घरापासून जवळच एक निवृत्त चित्रकला शिक्षक राहतात; एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांना त्यांनी मुलांच्या कित्येक तुकड्या बसवल्या आहेत. माझे म्हणणे त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि ते म्हणाले, "बाई, व्यंगचित्र जरूर काढा. पण त्याच्या बरोबरीने तांब्याही काढावा लागेल." तेव्हापासून तांब्या आणि व्यंगचित्र या दोन्ही गोष्टी मी एकाच वहीत शिकते आहे, आणि त्या मुळात वेगळ्या नाहीत अशी माझी खात्री होत गेली आहे. व्यंगचित्रकार पाहिलेल्यातून निवड करतो. ज्याने पाहिलेच नाही त्याच्यापाशी निवडायला काही नसते. मग तो दुसऱ्याने निवडलेले उचलतो, आणि त्याची सगळी माणसे दुसऱ्या कोणाच्या तरी चित्रातून चालत आलेली वाटतात.

साधनांविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण सुरुवातीला सर्वाधिक गोंधळ तिथेच होतो. आपण शिसपेन्सिल म्हणतो तिच्या आत ग्राफाइट आणि चिकणमाती यांचे मिश्रण असते. अठराव्या शतकाच्या अखेरीस युद्धामुळे इंग्लंडमधले उत्तम ग्राफाइट फ्रान्सला मिळेनासे झाले, तेव्हा निकोला-झाक काँते यांनी ग्राफाइटची भुकटी मातीत मळून, त्या मिश्रणाच्या कांड्या भट्टीत भाजण्याची रीत शोधली आणि १७९५ साली तिचे पेटंट घेतले. पेन्सिलीचा कठीणपणा आजही त्याच मिश्रणावर ठरतो. माती अधिक असली की कांडी कठीण होते आणि रेघ फिकट उमटते. या पेन्सिलींवर एच हे अक्षर असते. ग्राफाइट अधिक असले की कांडी मऊ होते आणि रेघ काळीभोर येते. या झाल्या बी. मुलांच्या कंपासपेटीत असते ती बहुधा या दोहोंच्या मधली एचबी. नवशिक्याला बारा पेन्सिलींचा डबा घेण्याचे कारण नाही. हलक्या आखणीसाठी एचबी, नेहमीच्या रेखाटनासाठी २बी आणि गडद छायेसाठी ६बी एवढ्यावर माझे काम व्यवस्थित चालते. मात्र ६बी जपून वापरावी लागते, कारण मार्च उजाडला की इथे हाताला घाम सुटतो, एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या पुढे जातो, आणि ओलसर तळहाताखाली मऊ ग्राफाइट पसरून सगळा कागद करडा होतो. तळहाताखाली एक कोरा कागद ठेवणे आणि उजव्या हाताने काढणाऱ्याने डावीकडून उजवीकडे सरकत जाणे, हा त्यावरचा साधा उपाय आहे.

पेन्सिल ब्लेडने तासावी असा सरांचा आग्रह असतो, आणि त्याला कारण आहे. शार्पनरमध्ये आखूड टोक निघते. ब्लेडने लाकूड लांबवर उतरवता येते आणि आतली कांडी बोटाच्या पेराएवढी मोकळी करता येते. अशी पेन्सिल आडवी धरली की कांडीच्या कडेने रुंद, मऊ छटा देता येते आणि उभी धरली की टोकाने बारीक रेघ ओढता येते. धरण्याची पद्धतही इथेच बदलते. लिहिताना धरतो तशी पेन्सिल धरली की फक्त बोटे हलतात आणि रेघ बोटांच्या आवाक्याइतकीच होते. तीच वरून, तळव्याखाली धरली की मनगट मोकळे राहते आणि हालचाल कोपरातून, खांद्यातून येऊ लागते. आमच्याच जिल्ह्यात पंढरपूर येथे १९१५ साली जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेन यांनी उमेदीच्या काळात मुंबईत सिनेमाचे भले मोठे फलक रंगवले होते. त्यांच्या घोड्यांच्या मानेची रेघ पाहिली की संपूर्ण हात एका झोकात फिरल्याचे त्या रेघेतच दिसते. वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिणाऱ्या माणसाला ही हालचाल ओळखीची असते. खडूने मोठे वर्तुळ हाताने काढताना मी खांद्यातूनच काढत आले आहे. प्रश्न फक्त तो खांदा कागदापर्यंत आणण्याचा होता.

सरांनी सुरुवातीचे काही महिने खोडरबर वापरू दिले नाही. पहिली रेघ जागेवर नसली तरी ती राहू द्यायची आणि तिच्या शेजारी दुसरी ओढायची, असा त्यांचा नियम होता. पहिली रेघ पुसून टाकली तर दुसरी कशाच्या तुलनेत योग्य ठरवायची, हा त्यांचा प्रश्न मला फार पटला. हलक्या हाताने काढलेल्या चार रेघांमधून पाचवी नेमकी जागा शोधते, आणि ती सापडली की जरा दाबून पक्की करता येते.

आता तांब्याविषयी. पाटावर ठेवलेल्या तांब्याचे तोंड वर्तुळ आहे हे आपल्याला ठाऊक असते, पण समोर बसून पाहिले की ते लंबवर्तुळ दिसते. बहुतेक लोक या लंबवर्तुळाच्या दोन्ही टोकांना कोपरे काढतात. खऱ्या लंबवर्तुळाला कुठेही कोपरा नसतो, टोकाशी ते फक्त वेगाने वळते. दुसरी गंमत तळाची. तांब्या जमिनीवर सपाट बसतो हे माहीत असल्यामुळे तळाशी हात सरळ रेघ ओढतो, आणि चित्रातला तांब्या तिथेच बिघडतो, कारण आपण वरून पाहत असलो तर तळाची कडाही वक्रच दिसते, किंबहुना काठाच्या वक्रापेक्षा जास्त फुगीर दिसते. डोळ्याच्या पातळीपासून वर्तुळ जितके खाली जाईल तितके त्याचे लंबवर्तुळ अधिक उघडत जाते. फडताळाच्या वेगवेगळ्या फळ्यांवर एकाच आकाराची फुलपात्री ठेवली, की हा नियम सगळाच्या सगळा डोळ्यांसमोर मांडलेला दिसतो: डोळ्याच्या पातळीवरच्या फुलपात्राचा काठ म्हणजे निव्वळ एक सरळ रेघ, त्याच्या खालची क्रमाने उघडत गेलेली आणि वरच्या फळीवरची उलट बाजूने वक्र झालेली. आयुष्यभर या भांड्यांतून पाणी प्यायल्यानंतर त्यांचे काठ मी पहिल्यांदा पाहिले, आणि त्या दिवशी मला झालेला आनंद एखादे कठीण प्रमेय सुटल्याच्या आनंदाहून कमी नव्हता.

प्रमाण मोजण्याची रीत तर थेट माझ्याच विषयातली निघाली. हात पूर्ण ताणून पेन्सिल उभी धरायची, एक डोळा मिटायचा, पेन्सिलीचे टोक तांब्याच्या काठाशी जुळवायचे आणि तळ जिथे येतो तिथे अंगठ्याचे नख ठेवायचे. मग तेवढ्याच लांबीने तांब्याची रुंदी, पाटाची लांबी, मागच्या खिडकीची उंची मोजत जायची. कोपर मात्र अजिबात वाकता कामा नये, कारण डोळ्यापासून पेन्सिलीचे अंतर बदलले की सगळे गुणोत्तर बदलते. दहावीच्या भूमितीत समरूप त्रिकोणांचे प्रकरण मी दरवर्षी फळ्यावर शिकवते. त्याच त्रिकोणाचे एक टोक माझ्या डोळ्यात आहे आणि दोन बाजू तांब्याच्या काठाला आणि तळाला जाऊन भिडल्या आहेत, हे हात ताणून उभे राहिल्यावर जितके लख्ख समजले तितके फळ्यावर कधी समजले नव्हते. आता ते प्रकरण आले की मी मुलांना पटांगणात नेते आणि प्रत्येकाला आपापल्या पेन्सिलीने शाळेची इमारत मोजायला लावते.

वस्तूंमधल्या मोकळ्या जागेकडे पाहणे, ही याच्या पुढची पायरी. कपाचा कान काढताना कान न पाहता कानाच्या आतली पोकळी काढायची, खुर्ची काढताना पायांमधले हवेचे तुकडे काढायचे. पोकळीला नाव नसते, त्यामुळे तिचे तयार चिन्हही मनात नसते, आणि हाताला नाइलाजाने डोळ्याचे ऐकावे लागते.

माणसाचा चेहराही असाच मोजला. डोळे डोक्याच्या उंचीच्या बरोबर मध्यावर असतात, ही गोष्ट कोणाला सांगितली तर पटकन खरी वाटत नाही. कपाळ आणि केस यांकडे आपले लक्ष कमी असते, म्हणून सगळेच जण डोळे फार वर काढतात. दोन डोळ्यांमध्ये साधारण एका डोळ्याचे अंतर असते. कान भुवईच्या पातळीपासून नाकाच्या टोकाच्या पातळीपर्यंत उतरतो. प्रौढ माणूस आपल्या डोक्याच्या सुमारे साडेसात पट उंच असतो आणि तान्हे मूल चार पट. व्यंगचित्रातली माणसे अनेकदा तीन-चार डोक्यांचीच असतात, आणि ती पाहून मनात मूल पाहिल्यासारखी माया का उपजते, याचे एक उत्तर मला या गुणोत्तरात सापडले.

घरातल्या वस्तू काढून हात थोडा स्थिरावल्यावर सरांनी बाहेर जायला सांगितले. सोलापूर हे रेखाटनासाठी किती उदार शहर आहे, हे मला जन्मभर इथे राहूनही ठाऊक नव्हते. तलावाच्या पाण्यात उभे असलेले सिद्धेश्वराचे मंदिर आणि त्याच्या शेजारची भुईकोट किल्ल्याची तटबंदी यांनी मला आडव्या आणि उभ्या रेषांचा तोल शिकवला. अप्पासाहेब वारद यांनी बांधवून घेतलेल्या इंद्रभुवन या इमारतीसमोर बसून यथार्थदर्शनाचा, म्हणजे जवळचे मोठे आणि दूरचे लहान दिसते तसे कागदावर उतरवण्याचा, अभ्यास केला. तिथल्या नक्षीच्या मोहात न पडता आधी डोळ्याच्या पातळीची रेघ पकडणे आणि सगळ्या कमानी त्या रेघेच्या हिशोबाने बसवणे, हे काम संयमाचे आहे. चार हुतात्मा पुतळ्यांपाशी मी पुष्कळ वेळ घालवला आहे. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी देण्यात आले, हे शाळेत प्रत्येक सोलापूरकर शिकतो. पण समोर वही घेऊन बसल्यावर त्या नावांना चेहरे येतात. पुतळा हलत नाही, त्यामुळे नवशिक्याला मोजायला आणि पुन्हा मोजायला सवड मिळते, हा अभ्यासाचा भाग झाला. मात्र तिथे पेन्सिल चालवताना मनात जो आदर दाटून येतो, तो अभ्यासाच्या पलीकडचा आहे.

जिवंत माणसे हलतात, आणि त्यांना काढण्याची रीत वेगळी आहे. तिथे प्रमाणे मोजत बसायला वेळ नसतो. डोक्यापासून टाचेपर्यंत शरीर कोणत्या दिशेला झुकले आहे, ती एक रेघ आधी ओढायची आणि बाकीचे सगळे त्या रेघेला टांगायचे. रेल्वे स्थानकावर बोचके डोक्यावर घेतलेल्या बाईची ती रेघ ताठ असते, कारण मान वाकली तर बोचके पडेल. मंडईत तराजू धरलेल्या माणसाची रेघ एका बाजूला कललेली असते. मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेल्या बायकांची पाठ एका लांब कमानीत वाकलेली असते. या शहरात ही कमान उंबऱ्याउंबऱ्यावर दिसते, आणि ती काढताना तिच्यातला थकवा हाताला जाणवल्याशिवाय राहत नाही. मी आधी विचारून, मगच वही उघडते. बहुतेक जणी हसून परवानगी देतात, आणि मग मराठी, कन्नड, तेलुगू अशा तीन भाषांतून सूचना सुरू होतात. एकीला नाकातली चमकी दिसायलाच हवी असते, दुसरीला पदर नीट हवा असतो. कोणाला काय दिसावेसे वाटते हे ऐकणे, हासुद्धा चित्रकलेचाच धडा आहे असे मी मानते.

व्यंगचित्र हे ज्याला नीट चित्र काढता येत नाही त्याचे काम, असा एक समज सुशिक्षित लोकांतही आढळतो. मला तो अतिशय अन्यायकारक वाटतो. आर. के. लक्ष्मण यांचेच पाहा. म्हैसूरला शाळेत असताना मास्तरांनी पान काढायला सांगितले, आणि लहानग्या लक्ष्मणने काढलेले पिंपळाचे पान पाहून त्यांनी त्याला भावी चित्रकार म्हणून शाबासकी दिली, ही आठवण लक्ष्मण यांनी स्वतः सांगितलेली आहे. कावळा हा त्यांच्या आयुष्यभराच्या प्रेमाचा विषय. त्यांनी काढलेले कावळे पाहिले तर मानेचा झटका, चोचीचा रोख, पंखांची अर्धवट उघडझाप यांत किती वर्षांचे पाहणे साठले आहे हे उमगते. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयाने त्यांना तरुणपणी प्रवेश नाकारला होता आणि त्याच मुंबईत १९५१ पासून त्यांचा चौकटीच्या कोटातला सामान्य माणूस वर्तमानपत्रातून रोज सकाळी लोकांच्या दारात येऊ लागला. तो माणूस बोलत नाही. त्याचे सगळे म्हणणे चष्म्याच्या वर चढलेल्या भुवयांत आणि किंचित पुढे झुकलेल्या खांद्यांत असते.

शि. द. फडणीस यांच्याशी माझे नाते आणखी जवळचे आहे, कारण बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांत त्यांची चित्रे होती. बेरीज-वजाबाकीच्या पानावर एखादे हसरे चित्र भेटले की पुढची उदाहरणे सोडवायला हुरूप येई, आणि गणिताविषयीची माझी माया त्या पानांपासून सुरू झाली असे मी मनापासून मानते. त्यांच्या हास्यचित्रांना बहुधा शब्दांची गरज लागत नाही. शब्द नसलेले चित्र काढणे किती कठीण आहे हे प्रयत्न केल्यावर समजते. कोण, कुठे, काय आणि त्यात विसंगत काय, ही चारही उत्तरे केवळ रेषेने द्यावी लागतात. व्यंगचित्रकार वसंत सरवटे हे पेशाने अभियंता होते, आणि त्यांच्या चित्रांतल्या वाड्यांच्या, चाळींच्या, जिन्यांच्या रचनेत तो नेमकेपणा दिसतो असे मला नेहमी वाटत आले आहे.

चेहऱ्यावरच्या भावाचा अभ्यास मात्र मी एका शाळामास्तरांच्या पद्धतीने केला. जिनिव्हाचे रोडॉल्फ टॉपफर (१७९९ ते १८४६) हे शाळा चालवत, विद्यार्थ्यांच्या करमणुकीसाठी चित्रकथा रचत, आणि चेहऱ्यांविषयी त्यांनी एक विलक्षण निरीक्षण नोंदवून ठेवले: चेहरा कितीही ओबडधोबड काढला तरी, तो चेहरा आहे एवढे कळले की त्याला काही ना काही ठरावीक भाव असतोच. म्हणून त्यांनी सुचवलेली रीत अशी की, एक साधा चेहरा काढावा, बाकी सगळे तसेच ठेवून एकच अवयव बदलावा आणि काय घडते ते पाहावे. मी पानभर एकसारखी डोकी काढून फक्त भुवया बदलत गेले. आतली टोके खाली आणली की राग आला. तीच वर उचलली की काळजी उमटली. एकच भुवई चढली की शंका. मग भुवया तशाच ठेवून ओठांची रेघ बदलली, तर काळजीचे ओशाळे हसू झाले. एकाच वेळी एकच चल बदलायचा आणि बाकीचे स्थिर ठेवायचे, ही शिस्त गणिताच्या शिक्षकाला शिकवावी लागत नाही. मात्र यातून कळलेली गोष्ट गणितातली नव्हती: काळजी आणि राग यांच्यामध्ये पेन्सिलीच्या टोकाची जेमतेम दोन मिलिमीटरची हालचाल आहे.

थोडक्यात सांगण्याची ही कला आमच्या शहराला अपरिचित नाही, आणि ते मला चादरीच्या नक्षीचे नकाशे काढणाऱ्या एका नकाशाकारामुळे कळले. सोलापुरी चादरीवरची नक्षी जकार्ड पद्धतीने विणली जाते. जुन्या रीतीत आधी आलेखाच्या कागदावर चौकटी भरून नक्षीचा नकाशा काढतात, त्या नकाशावरून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोके पाडतात आणि त्या भोकांच्या हुकमाने मागावरचे ताण्याचे, म्हणजे उभे, धागे उचलले जातात. आयुष्यभर हे नकाशे काढलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी मला आपले जुने कागद दाखवले. मोराचा गळा चौकटीच्या पायऱ्यापायऱ्यांनी वर चढत होता. इथे गोलाई काढण्याची सोयच नाही. चौकट एक तर भरायची किंवा मोकळी सोडायची. तरीही तो मोर होता, आणि ऐटबाज मोर होता. मी विचारले की कमीत कमी किती चौकटींत मोर ओळखू येतो, तेव्हा ते म्हणाले, "तुरा आणि मानेचा बाक सोडू नका. बाकी पिसारा तुम्ही सोडलात तरी बघणारा भरून घेतो." व्यंगचित्राविषयी याहून नेमके मार्गदर्शन मला कुठेही मिळालेले नाही. पुढे अर्कचित्रे, म्हणजे एखाद्या माणसाची वैशिष्ट्ये ठळक करून काढलेली चित्रे, काढायला घेतली तेव्हा समोरच्या माणसाचे सगळ्यात मोठे नाक किंवा सगळ्यात मोठे कान शोधण्यापेक्षा, या माणसाचा तुरा कोणता आणि मानेचा बाक कोणता, हे मी स्वतःला विचारू लागले. कित्येकदा उत्तर चेहऱ्यात नसतेच. एखाद्याची ओळख खिशातल्या पेनांच्या ओळीत असते, एखाद्याची चालताना मागे बांधलेल्या हातांत.

एका चित्राची घडण सांगते, म्हणजे हे स्पष्ट होईल. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. काही दिवसांच्या अंतराने येते, आणि त्या दिवशी घरातले प्रत्येक भांडे भरून ठेवले जाते. यावर शब्दांवाचून चित्र करायचे ठरवले. पहिल्या कच्च्या आराखड्यात नळाखाली हंडे, कळश्या, बादल्या, घागरी, डबे यांची लांब रांग होती आणि रांगेच्या शेवटी एक छोटी मुलगी आपल्या कंपासपेटीचे झाकण पुढे करून उभी होती. सर बराच वेळ पाहत राहिले आणि मग त्यांनी विचारले, "बाई, नजर कुठे थांबायची?" आम्ही दोघांनी बसून एकेक भांडे काढून टाकायला सुरुवात केली. रांग आखूड होत गेली तशी मुलगी जवळ येत गेली. शेवटी एक हंडा, एक बादली, एक तांब्या आणि मुलगी एवढेच उरले. आकार उतरत गेल्यामुळे नजर आपोआप झाकणापाशी पोहोचू लागली. आईची आकृती ठेवावी की नाही यावर आमचे एकमत झाले नाही. सरांच्या मते ती अनावश्यक होती. मी ती ठेवली, पाठमोरी, कारण तिच्या पाठीची कमान मी उंबऱ्यावरच्या बायकांकडे पाहून मिळवली होती आणि त्या कमानीशिवाय ते पाणी कोण भरते हे चित्रात आले नसते. त्या तीन भांड्यांपैकी प्रत्येकाचे लंबवर्तुळ आता माझ्या हातातून न मोजता आले, ही तांब्यापुढे बसून काढलेल्या संध्याकाळींची कमाई.

पेन्सिलीचे चित्र पक्के झाले की शाईचा टप्पा येतो. मी कच्चे चित्र खिडकीच्या काचेवर धरून त्यावर दुसरा जाड कागद ठेवते आणि उजेडात दिसणाऱ्या रेघांतून हव्या तेवढ्याच वर उतरवते. ही आणखी एक चाळणी. मग पाण्याने न पसरणाऱ्या काळ्या शाईने, बोरू-टाकाच्या जातीच्या लवचीक निबने रेघ ओढायची. निबवर दाब वाढवला की रेघ जाड होते, कमी केला की बारीक, आणि पदराच्या एका घडीत तिला दोन्ही व्हावे लागते. शाई पूर्ण वाळल्यानंतर पेन्सिल खोडायची. सरांनी रबर मला परत दिले ते या कामासाठी. शाईत उतरल्यावर पेन्सिलीतला जिवंतपणा थोडा कमी होतो, ही तक्रार मोठमोठे चित्रकारही करतात, आणि मलाही माझ्या पेन्सिलीच्या रेघा अधिक प्रिय आहेत.

सध्या हात काढणे चालले आहे. व्यंगचित्रातल्या पात्रांना अनेक चित्रकार चारच बोटे देतात, कारण लहान आकारात पाच बोटांची गर्दी होते; पण चार कधी काढायची हे पाच काढता आल्याशिवाय ठरवता येत नाही, असे सरांचे मत आहे आणि मला ते मान्य आहे. हातांचा सर्वांत अवघड नमुना आमच्याच गल्लीत आहे. विडी वळताना उजव्या हाताची बोटे पान गुंडाळतात, डाव्या हाताचा अंगठा ते घट्ट धरून ठेवतो, मग टोक दुमडले जाते आणि दोरा फिरतो, आणि हे सगळे इतक्या वेगाने होते की रेघ ओढेपर्यंत पुढची विडी सुरू झालेली असते. बोटांची पेरे कोणत्या क्षणी एकमेकांआड जातात, हे माझ्या वहीत अजून नीट उतरलेले नाही. शेजारच्या मावशींनी रविवारी दुपारी पुन्हा बसायला बोलावले आहे. दोरा बांधताना हात जरा थांबवून धरीन, असे त्या म्हणाल्या आहेत, आणि त्यांच्या सुनेलाही एक पेन्सिल आणि दोन कोरे कागद हवे आहेत.